आखाड्यातून मैदानावर : कोल्हापूरच्या पेठांचा फुटबॉल

दिल्लीत अनेक वर्षे काढलेल्या मराठी माणसाला फुटबॉल आठवतो तो बहुधा ड्यूरँड चषकाच्या नावाने. करोल बागेतून बसने दिल्ली दरवाजापर्यंत जावे आणि आंबेडकर स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मोहन बागान, ईस्ट बंगाल किंवा जालंदरच्या पोलादी छातीच्या खेळाडूंना पाहावे, हा येथील कित्येकांच्या तरुणपणीचा हिवाळी उद्योग होता. त्या गर्दीत आपले कोल्हापूरकर बांधव असले, की मध्यंतरात त्यांच्या तोंडी हटकून एक वाक्य येई, "आमच्या शाहू स्टेडियमवर या, मग सांगतो." ऐकणाऱ्यास ही बढाई वाटे. परंतु त्या बढाईच्या मुळाशी असलेला इतिहास आपल्या स्मरणिकेत नोंदविण्याजोगा आहे.

ड्यूरँड चषकाचा आरंभ १८८८ साली सिमल्याच्या अनाडेल मैदानावर झाला. पहिल्या अंतिम सामन्यातील दोन्ही पलटणी, रॉयल स्कॉट्स फ्युजिलिअर्स आणि हायलँड लाइट इन्फंट्री, स्कॉटलंडच्या होत्या. पुढे १८९७ ते १८९९ अशी ओळीने तीन वर्षे ब्लॅक वॉच या आणखी एका स्कॉटिश पलटणीने चषक जिंकला. म्हणजे हिंदुस्थानातील स्पर्धात्मक फुटबॉलच्या पहिल्या पानावर स्कॉटलंडच्या पलटणींतील शिपायांची नावे आहेत. १९४० साली स्पर्धा दिल्लीस आली आणि कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरविकशायर पलटणीचा पराभव करून ती जिंकली. लष्करी संघांची मक्तेदारी तेथे मोडली. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स चषक होता. तेथेही १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स संघाने हाच पराक्रम केला होता.

पलटणीचा खेळ गावकऱ्यांचा कसा झाला, याची उत्तरे प्रांतोप्रांती निराळी आहेत. कलकत्त्यात तो क्लबांचा झाला, मुंबईत पुष्कळसा कंपन्यांचा आणि कोल्हापुरात तालमींचा. हे शेवटचे उत्तर मला सर्वांत मनोरंजक वाटते. कोल्हापुरातील संघांची नावेच पाहा : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. बाहेरगावच्या माणसास वाटावे, ही कुस्त्यांच्या दंगलीची पत्रिका आहे! आणि ते फारसे चूकही नाही. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येस आश्रय दिला, खासबागेचे मैदान उभारले, पेठापेठांतून तालमी गजबजल्या. तालीम म्हणजे केवळ हौदा आणि तांबडी माती नव्हे. पेठेचा गणपती तिचा, पेठेतील भांडणाचा निवाडा तिचा, पोरांना शिस्त लावणारा वस्ताद तिचा. अशा संस्थेच्या हाती चेंडू आला तेव्हा तिला नवा क्लब स्थापण्याची गरज पडली नाही. शड्डू ठोकणाऱ्या पेठेनेच चेंडू पायाखाली घेतला.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या तोंडची 'केएसए', ही या खेळाची धनी. वरिष्ठ गटात सोळा संघ. पाऊस सरून थंडी पडली, की खेळाडूंच्या नोंदणीची लगबग सुरू होते आणि कोणता गडी कोणत्या तालमीकडे गेला यावर चहाच्या टपऱ्या तापतात. पुढे वळवाच्या ढगांपर्यंत लीग आणि निरनिराळे चषक चालतात. छत्रपती शाहू स्टेडियमवर दुपारी लागोपाठ दोन सामने, आणि पायऱ्यांवर शिवाजी पेठ एकीकडे, मंगळवार पेठ दुसरीकडे. खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ हे शिवाजी पेठेचे. पाटाकडील मंगळवार पेठेचे. या दोन पेठांचा सामना असला, की बाजारपेठेतील कामाचे लक्ष उडते. तळाच्या संघाला खालच्या गटात जाण्याची धास्ती असते आणि ती धास्ती अख्ख्या गल्लीची असते.

या ईर्षेची दुसरी बाजू लपविण्यात अर्थ नाही. हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागले आहेत, पोलीस बंदोबस्त वाढवावा लागला आहे, आणि मैदानावरचे वैर गल्लीत उतरले आहे. ज्या मातीत पैलवान हरल्यावर प्रतिस्पर्ध्याच्या पायाला हात लावी, तिच्याच वारसदारांनी हे करावे याचे वाईट वाटते.

तरीही एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने १९९८, २००१ आणि २००८ असा तीन वेळा ड्यूरँड चषक जिंकला, २००५-०६ ची राष्ट्रीय लीगही जिंकली. आणि २०१० साली कंपनीने संघ बंद केला. पुढच्याच वर्षी पंजाबातील जेसीटीचा संघ गेला. रोव्हर्स चषकही २०००-०१ नंतर भरला नाही. ताळेबंदाच्या एका ओळीने ज्यांचे अस्तित्व मिटले, त्यांच्यापाशी पैसा, प्रशिक्षक, कीर्ती सारे काही होते. पेठ मात्र विसर्जित करता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या महापुराने शहर वेढले. त्यानंतरच्या थंडीत मैदान पुन्हा भरले. मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीने ते ओस पडले. ती ओसरताच तालमी पुन्हा उभ्या राहिल्या.

स्कॉटलंडमध्ये याला जवळचे उदाहरण आहे. १८९३ साली स्थापन झालेल्या हायलँड लीगमध्ये बकी, कीथ, हंटली, फ्रेझरबर्ग अशा लहान गावांचे संघ खेळतात. बंदर, शेती, दारूच्या भट्ट्या हा गावांचा व्यवसाय. फुटबॉल हा त्यांचा अभिमान. शतकाहून अधिक काळ तेथील विजेत्याला नियमाने वर चढण्याचा मार्ग नव्हता. २०१४-१५ च्या हंगामापासून पात्रता सामन्यांची शिडी लागली आणि २०१९ साली कोव्ह रेंजर्सने ती चढून राष्ट्रीय लीगमध्ये प्रवेश केला. कोल्हापूरचा विजेता मात्र लीग जिंकली म्हणून आपोआप वरच्या श्रेणीत जात नाही. मिरवणूक निघते, गुलाल उधळला जातो, आणि पुढील हंगामात तोच डाव पुन्हा मांडावा लागतो. या अडलेल्या दाराचे मोल पेठांच्या पोरांना मोजावे लागते. ज्याला वर जायचे त्याला कोल्हापूर सोडावे लागते.

असा एक मुलगा आपल्या दिल्लीतच खेळून गेला. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताचे तिन्ही साखळी सामने जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाले, आणि भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला. अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिन्ही संघांकडून भारत हरला; परंतु विश्वचषकात भारताचा पहिला गोल, मणिपूरच्या जॅक्सन सिंगचा, याच मैदानावर कोलंबियाविरुद्ध झाला. गडहिंग्लज तालुक्यातील अंजू तुरंबेकर यांनी तर प्रशिक्षक म्हणून राष्ट्रीय पातळीवर नाव मिळविले.

ड्यूरँड चषक आता दिल्लीत नाही. २०१४ साली तो गोव्यास गेला, २०१६ मध्ये एकदा परतला, आणि २०१९ पासून त्याचे ठाणे कोलकात्यात आहे. आंबेडकर स्टेडियमवर दिल्लीच्या स्थानिक लीगचे सामने होतात, आणि त्यांना प्रेक्षक तुरळक असतात. मंडळातील कोल्हापूरकर मंडळी सुटीत गावी गेली, की परतताना आंबा आणि तांबड्या रश्श्याच्या मसाल्याबरोबर अजूनही केएसएच्या गुणतक्त्याची बातमी आणतात.