वेळेच्या नोंदीला शेऱ्याची जोड

सातबाराच्या उताऱ्यात पिकांच्या नोंदीच्या टोकाला ‘शेरा’ नावाचा रकाना असतो. आकड्यांत न मावणारी गोष्ट तेथे लिहिली जाते. तासांच्या हिशेबाने संगणकावर काम करणाऱ्यांसाठी असाच रकाना ‘टाइमवॉरियर’ या मुक्त प्रणालीत आहे. ‘टास्कवॉरियर’च्या कर्त्यांनी ती २०१६ मध्ये उपलब्ध केली. टर्मिनलच्या पडद्यावर आज्ञा टंकून ती चालवितात.

बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेडच्या इतिहासावर कोणी मानधन घेऊन टिपण करीत आहे, असे समजू. ‘टाइमडब्ल्यू स्टार्ट रोहिणखेड लढाई’ असे टंकताच (आज्ञा व अंक अर्थातच रोमन लिपीत) मोजणी सुरू होते आणि ‘टाइमडब्ल्यू स्टॉप’ने थांबते. महिनाअखेर ‘लढाई, तीन तास’ एवढेच दिसते. पण कोणती लढाई? १४३७ मध्ये येथे बहमनी सेनापती खलफ हसन बसरीने खानदेशच्या नासिरखानाचा पराभव केला, तर १५९० मध्ये बुऱ्हाण निजामशहाने जमालखानाचा. मोबदला देणाऱ्याने विचारल्यास नुसत्या खुणेवरून उत्तर देता येत नाही.

येथे ‘अ‍ॅनोटेट’ ही आज्ञा उपयोगी पडते. ‘टाइमडब्ल्यू अ‍ॅनोटेट @१’ यापुढे अवतरणचिन्हांत ‘१५९०ची लढाई, साधने ताडून पाहिली’ असे लिहिले की शेरा त्या नोंदीस चिकटतो. मोजणी चालू असल्यास क्रमांकाची गरज नसते. क्रमांक ‘समरी’ आज्ञेला ‘:आयडीज’ जोडून पाहावेत, तर शेरे ‘:अ‍ॅनोटेशन्स’ने दिसतात.

क्रमांकांच्या बाबतीत मात्र फसगत होते. @१ म्हणजे नेहमी सर्वांत अलीकडची नोंद. नवी नोंद होताच कालची @१ आज @२ होते. त्यामुळे प्रत्येक वेळी यादी पाहूनच क्रमांक द्यावा. याहून घातक बाब म्हणजे एका नोंदीस एकच शेरा राहतो. दुसरा लिहिला की पहिला पुसला जातो, आणि तसा इशाराही मिळत नाही. जुन्यात भर घालावयाची तर सबंध वाक्य पुन्हा लिहावे लागते. चूक लगेच ध्यानी आल्यास ‘टाइमडब्ल्यू अनडू’ने पूर्वस्थिती परत येते.

शेरा देवनागरीत लिहिता येतो. काही टर्मिनलांत जोडाक्षरे विस्कटलेली दिसतात, पण साठविलेला मजकूर शाबूत असतो. हा सारा दफ्तरखाना महिनावार साध्या मजकूर-फायलींत असतो. तेथील वेळा जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असतात. फाईल थेट उघडणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.