देवळालीचा ताप आणि सर हम्फ्रींची फाइल

जुन्या ब्रिटिश मालिकांपैकी नेमक्या कुठल्या बघाव्यात, असं ऑफिसातली नवी पोरं अधूनमधून विचारतात. यादी द्यायला काय, पाच मिनिटं लागतात. पण ती यादी करताना माझ्या डोक्यात दरवेळी एक वेगळाच प्रश्न येतो. या सगळ्यात आपण कुठे आहोत? आपण म्हणजे मोघम 'भारत' नव्हे. आपण म्हणजे महाराष्ट्र, आणि जमलंच तर आमचं वाशिम.

उत्तर मोठं गमतीचं आहे. जी मालिका चक्क महाराष्ट्रात घडते, तिच्यात आपण जवळपास नाहीच. आणि जिच्यात भारताशी काही देणंघेणं नाही, तिच्यात आपण ठासून भरलेले आहोत. कसं ते सांगतो.

वाशिमहून मुंबईला रेल्वेनं जायचं तर आधी अकोला गाठायचं आणि तिथून मुंबईची गाडी धरायची. भुसावळ, मनमाड, नाशिकरोड झालं की देवळाली येतं. लष्कराचं गाव, तोफखान्याची शाळा, कोरडी हवा. बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत आणि बहुतेक प्रवासी मान वर करून बघतही नाहीत. पण इंग्रजी भाषेत या गावाचा कायमचा मुक्काम आहे. एखाद्याचं डोकं फिरलं की इंग्रज म्हणतात, तो 'डूलॅली' झाला. हे डूलॅली म्हणजेच आपलं देवळाली.

झालं असं की एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैनिकांची ये-जा करण्याची छावणी देवळालीत होती. नोकरीची मुदत संपलेला गोरा शिपाई इथे येऊन मायदेशाच्या जहाजाची वाट बघायचा. सैनिकांची जहाजं मात्र साधारण नोव्हेंबर ते मार्च याच काळात सुटत. ज्याची मुदत एप्रिलात संपली तो बसला पुढच्या हिवाळ्यापर्यंत. काम नाही, कवायत नाही, वर ऊन. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका जुन्या शिपायानं १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींमध्ये याबद्दल लिहून ठेवलंय. चांगले रेकॉर्ड असलेले शिपाईही इथे येऊन बिघडत. या आजाराला नाव पडलं 'डूलॅली टॅप'. यातला 'टॅप' म्हणजे आपला साधा ताप. मराठी माणसाला याचं भाषांतर करून सांगायची गरजच नाही. पुढे टॅप गळाला आणि डूलॅली उरला.

याच देवळालीत बीबीसीची एक गाजलेली विनोदी मालिका घडते. नाव 'इट एन्ट हाफ हॉट मम'. मराठीत सांगायचं तर 'काय उकडतंय गं आई!' १९७४ ते १९८१, आठ सीझन, ५६ भाग. लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट, म्हणजे 'डॅड्स आर्मी'वाली जोडी. पेरी स्वतः दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास देवळालीत तोफखान्याच्या मनोरंजन पथकात होता, आणि मालिकाही अशाच पथकाची आहे. काळ १९४५. जर्मनी हरलीय, जपानशी लढाई चालू आहे, आणि ही मंडळी बायकांचे कपडे घालून नाचगाणी करताहेत, कारण नाटक बंद पडलं तर आघाडीवर जावं लागेल! वर एक सार्जंट मेजर, ज्याला हे सगळं बघून मळमळतं. अधिकारी बिनडोक आहेत. विनोद जमलेला आहे, खोटं कशाला बोला.

पण मालिकेतलं देवळाली बघा. एकही दृश्य भारतात चित्रित झालेलं नाही. रंगीराम हा बेअरर हे मध्यवर्ती भारतीय पात्र, आणि ते केलंय मायकेल बेट्स या गोऱ्या नटानं, चेहऱ्याला तपकिरी रंग फासून. बेट्सचा जन्म झाशीचा, भाषा त्याला उत्तम येत होती, युद्धात तो गुरखा पलटणीत अधिकारी होता. १९७८ मध्ये तो वारला. लेखकांचं म्हणणं असं की या भूमिकेला योग्य असा आशियाई नट तेव्हा इंग्लंडात मिळत नव्हता. असेलही. पण परिणाम काय झाला? नाशिक जिल्ह्यातल्या गावावर मालिका निघाली आणि तिच्यात नाशिकचा माणूस नाही. चहावाला आहे, पंखेवाला आहे, आणि स्वतःला ब्रिटिश समजून 'आम्ही ब्रिटिश' असं म्हणणारा बेअरर आहे. पुढच्या दशकांत बीबीसीनं या मालिकेचं पुनःप्रसारण टाळलं ते अशाच कारणांसाठी.

चहावाल्याचं काम करणारा डिनो शफीक पुढे 'माइंड युवर लँग्वेज'मध्ये अली झाला. ही १९७७ ची आयटीव्हीवरची मालिका. लंडनमधला इंग्रजीचा रात्रवर्ग, देशोदेशींचे विद्यार्थी, आणि प्रत्येक जण आपापल्या देशाचं व्यंगचित्र. ती बंद करण्यामागे हेही एक कारण होतं. आपल्याकडे मात्र १९९३ मध्ये तिची 'जबान संभालके' झाली. पंकज कपूर मास्तर, शुभा खोटे संस्थेच्या प्रमुख, आणि वर्गात इंग्रजीऐवजी हिंदी. वरवर बघता नक्कल. पण बाजू पालटली होती. आता परदेशी गोरा माणूस आपली भाषा चुकत होता, आणि सोबत आपलेच वेगवेगळ्या प्रांतांतले लोक. मूळ मालिकेत आपण ज्या बाकावर होतो, तो बाक सोडून आपण फळ्यापाशी गेलो.

गंभीर मालिकांमध्ये पहिलं नाव 'द ज्युवेल इन द क्राउन'. १९८४, ग्रॅनडा टेलिव्हिजन, १४ भाग, पॉल स्कॉटच्या चार कादंबऱ्यांवर आधारित. इथे मात्र उदयपूर, म्हैसूर, सिमला असं खरं चित्रीकरण आणि खरे भारतीय नट आहेत. कथा ऑगस्ट १९४२ मध्ये, मायापूर नावाच्या काल्पनिक जिल्ह्याच्या गावी सुरू होते. इंग्लंडात वाढलेला हरी कुमार आणि त्याच्या वाईटावर टपलेला पोलिस अधिकारी मेरिक. मेरिकचं काम टिम पिगॉट-स्मिथनं असं केलंय की अंगावर काटा येतो. जरूर बघा. फक्त बघताना एवढं लक्षात असू द्या की त्याच ऑगस्टमध्ये आमच्या विदर्भात चिमूर आणि आष्टी पेटलं होतं, नंतर लष्कर घुसलं, स्त्रियांवर अत्याचार झाले आणि त्याच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. मायापूरच्या कथेत चळवळ ही पार्श्वभूमी आहे. कॅमेरा गोऱ्यांच्या बंगल्यात आहे आणि जमाव खिडकीतून दिसतो.

आता दुसरी बाजू. २५ फेब्रुवारी १९८०, बीबीसी टू, 'यस मिनिस्टर'. अँटनी जे आणि जोनाथन लिन हे लेखक. मंत्री जिम हॅकर, त्याचा सचिव सर हम्फ्री ॲपलबी आणि दोघांच्या मध्ये सापडलेला खासगी सचिव बर्नार्ड. मंत्र्याला काहीतरी करायचं असतं, सचिवाला ते होऊ द्यायचं नसतं, आणि शेवटी मंत्री 'हो' म्हणतो की सचिव, याचाच सगळा खेळ. पुढची 'यस, प्राइम मिनिस्टर' धरून १९८८ पर्यंत सगळे मिळून ३८ भाग. संपलं. आमच्या मराठीत 'चार दिवस सासूचे' तीन हजारांवर भाग चालली, तिचे चार दिवस अकरा वर्षं पुरले. त्यापुढे ३८ म्हणजे चहाचा कप. :)

या मालिकेत आपण कुठे आहोत? पडद्यावर कुठेच नाही. पण वाशिमच्याच काय, कुठल्याही तहसीलमध्ये एकदा खेटे घातलेल्या माणसाला ही मालिका बघताना ओळखीचा वास येतो. समिती नेमणे. अभिप्राय मागवणे. फाइल 'वर' पाठवणे. 'तत्त्वतः मान्य' करणे, म्हणजे कधीच न करणे.

हा योगायोग नाही, यामागे इतिहास आहे. 'सिव्हिल सर्व्हंट' हा शब्दच मुळात ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारातून आलेला, लष्करी नोकरांपासून वेगळे ते हे मुलकी नोकर. ब्रिटनच्या प्रशासनाचा पाया ज्या १८५४ च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालानं घातला, त्यातला चार्ल्स ट्रेव्हेलियन तरुणपणी कंपनीच्या नोकरीत दिल्ली आणि कलकत्त्याला होता. तो मेकॉलेचा मेहुणा. भारतातल्या मुलकी सेवेसाठी खुली स्पर्धा परीक्षा १८५५ मध्ये सुरू झाली. खुद्द ब्रिटनमधल्या सरकारी खात्यांना तशी खुली स्पर्धा लागू व्हायला १८७० उजाडलं. म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर नवी सिस्टिम आधी इथे चालवून बघितली आणि मग तिथे बसवली. सर हम्फ्री आणि आपला कलेक्टर ऑफिसातला साहेब ही एकाच सोर्स कोडची दोन व्हर्जन्स आहेत. मग बग सारखे निघाले तर नवल काय?

आमच्या वाशिमचंच बघा. इंग्रजी कागदपत्रांत याचं नाव 'बासिम', आणि ते वऱ्हाडातल्या सहा जिल्ह्यांपैकी एका जिल्ह्याचं ठाणं होतं. त्यात वऱ्हाड म्हणजे स्वतंत्रच त्रांगडं. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १९०२ मध्ये वार्षिक २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा झाला, तरी कागदावर मालक निजामच. सर हम्फ्रींनी हा मसुदा प्रेमानं छातीशी धरला असता. १९०५ मध्ये कुणीतरी फेररचना केली, सहाचे चार जिल्हे झाले. बासिम जिल्हा गेला, वाशिम आणि मंगरूळ अकोल्यात, पुसद यवतमाळकडे. मग कलेक्टर कचेरीचं काम म्हणजे अकोला. इंग्रज गेले, मध्यप्रांत गेला, महाराष्ट्र झाला. १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. मधे ९३ वर्षं. तेव्हाचं पुसद काही परत आलं नाही. एका सहीनं जिल्हा जातो आणि दुसऱ्या सहीला ९३ वर्षं लागतात, हे ज्याला समजलं त्याला 'यस मिनिस्टर' समजावून सांगावी लागत नाही.

२००१ मध्ये स्टार प्लसवर तिची हिंदी आवृत्ती आली, 'जी मंत्रीजी'. फारूख शेख मंत्री सूर्यप्रकाश सिंह, जयंत कृपलानी सचिव राजनाथ माथूर. नावं बदलली, कपडे बदलले, बाकी गाडा तोच. त्याच वर्षी सब टीव्हीवर 'ऑफिस ऑफिस' सुरू झाली, आणि लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते तिच्यातल्या मुसद्दीलालचं. मला वाटतं फरक खिडकीचा आहे. 'जी मंत्रीजी'चा कॅमेरा टेबलाच्या आत बसतो. मुसद्दीलाल रांगेत उभा असतो. आपण आयुष्यभर रांगेतच असल्यामुळे तो लगेच आपला वाटला. आपल्या 'सिंहासन'मध्येही, म्हणजे 'यस मिनिस्टर'च्या एकच वर्ष आधी, १९७९ मध्ये आलेल्या जब्बार पटेलांच्या सिनेमात, मंत्रालयाच्या आत जायला मिळतं. पण तिथली झुंज राजकारण्यांची आपसातली. खुर्ची कुणाची, हा प्रश्न. खुर्चीमागे उभा असलेला सचिव काय करतो, हे कुणी विचारत नाही.

आणि म्हणूनच 'यस मिनिस्टर' बघायची. आपल्याला खिडकीची बाहेरची बाजू पाठ आहे, आतली ही मालिका दाखवते. १९८१ चा एक भाग आहे, नव्या हॉस्पिटलचा. पाचशे कर्मचारी आणि पेशंट एकही नाही, तरी ते उत्तम चाललेलं हॉस्पिटल आहे असं सचिव पटवून देतो. आपल्याकडे बऱ्याचदा उलटं, पेशंटांची रांग आणि खुर्ची रिकामी. पण आतलं तर्कशास्त्र एकच: कागद पूर्ण असला की काम झालं. खलनायक कुणी नाही, सगळे सभ्य, सुशिक्षित, आपापल्या परीनं प्रामाणिक. तरीही काम होत नाही. हे समजणं मला 'सगळे चोर आहेत' म्हणण्यापेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं. चोराला शिव्या देऊन आपण घरी जातो. यंत्रणा कशी अडते हे कळलं तर निदान नेमका कागद मागता येतो.

एक धोकाही आहे, तो सांगून टाकतो. ही मालिका मार्गारेट थॅचरबाईंना इतकी आवडायची की जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी त्या नटांसोबत एक छोटा प्रवेश करून दाखवला. ज्याची टिंगल, तोच टाळ्या वाजवू लागला तर विनोदाची धार गेली असं समजायचं का? की बाई मंत्र्यांना हसत नव्हत्या, सचिवांना हसत होत्या? यावर दोन्हीकडून भांडता येतं.

मालिकेच्या पहिल्याच भागाचं नाव आहे 'ओपन गव्हर्नमेंट'. नवा मंत्री खुला कारभार आणायला निघतो आणि खुलेपणा व सरकार ही दोन टोकं आहेत असं खाते त्याला शिकवतं. हे १९८० साली. पुढे ब्रिटनचा माहितीचा कायदा १ जानेवारी २००५ ला पूर्ण लागू झाला, आपला १२ ऑक्टोबर २००५ ला. एकाच वर्षी, साडेनऊ महिन्यांच्या फरकानं. त्याआधी २००२ पासून महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा होता, अण्णा हजाऱ्यांच्या आंदोलनामागून आलेला. इथे तरी आपण मागे नव्हतो.

तेव्हा पोरांनो, सुरुवात 'ओपन गव्हर्नमेंट'पासून करा, मग हॉस्पिटलचा भाग. नंतर 'ज्युवेल इन द क्राउन' सलग, घाई न करता. देवळालीवाली मालिका सगळ्यात शेवटी, दोन-चार भाग पुरेत. आणि ते बघताना चहावाला कॅमेऱ्यासमोरून गेला की थोडं थांबा. त्याच्या घरी कुठली भाषा बोलत असतील, त्याचा जिल्हा कुठला, त्याचं काम कुठल्या कचेरीत अडलंय, हे ५६ भागांत कुणी विचारलेलं नाही. ती मालिका अजून लिहायची राहिलीय, आणि ती मराठीत लिहायला काही हरकत नाही.