शिडाच्या कयाकला यंत्र कोणते : पेट्रोलचे की विजेचे?

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावलेली पूर्णा येथे अडविली गेली आणि १९६८ मध्ये तिच्या पाण्यावर २२.५ मेगावॉटचे वीजगृहही सुरू झाले. सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर साठवणीचा हा जलाशय परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांच्या सीमेवर पसरला आहे. जायकवाडीच्या नाथसागराप्रमाणेच येथेही शिडाची छोटी नाव चालविण्याजोगे मोकळे पाणी आहे. मच्छीमारांच्या होड्या आणि तराफे या पाण्यावर पूर्वीपासून आहेतच. आता हौशी नौकानयनाकडे शहरी मंडळींचा ओढा वाढत असताना, हलकी, मोटारीच्या टपावर बांधून नेता येणारी शिडाची कयाक अशा जलाशयांसाठी सोयीची ठरते. मात्र तिच्यासोबत एक प्रश्न हटकून येतो. वारा पडला तर परतायचे कसे?

कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची शिकारीची नाव. अरुंद, लांबट आणि दुहेरी पात्याच्या वल्ह्याने चालणारी. तिला लहान डोलकाठी, शीड आणि आधारासाठी दोन्ही बाजूंना तरंगे जोडले की ती शिडाची कयाक होते. अशा नावेला सहायक यंत्र बसविताना बहुतेक जण पहिली चूक करतात ती अश्वशक्ती मोजण्याची. मोटारसायकल घेताना ही सवय ठीक आहे; नावेच्या बाबतीत ती दिशाभूल करते.

पाण्याला चिरत जाणाऱ्या प्रत्येक नावेला तिच्या लांबीनुसार वेगाची एक नैसर्गिक मर्यादा असते. पाण्यातील लांबी फुटांत घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला १.३४ ने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे नॉटमधील वेग. बारा फुटांच्या कयाकसाठी हा वेग साधारण साडेचार नॉट, म्हणजे ताशी साडेआठ किलोमीटर भरतो. त्या मर्यादेजवळ गेल्यावर नाव स्वतःच उठविलेल्या लाटेत अडकते आणि यंत्राची वाढीव ताकद केवळ पाणी घुसळण्यात खर्च होते. कयाक अरुंद असल्याने ही मर्यादा तिला थोडीफार ओलांडता येते, पण त्याची किंमत फार मोठी असते. मर्यादेच्या आतही वेग दुप्पट करायचा तर शक्ती ढोबळमानाने आठपट लागते.

उलट बाजूने पाहिले तर हाच नियम वरदान ठरतो. सशक्त माणूस वल्हे मारताना तासभर टिकेल अशी ७५ ते १०० वॅट शक्ती देऊ शकतो, आणि तेवढ्यावर कयाक ताशी पाच किलोमीटरने आरामात चालते. पेट्रोलवर चालणाऱ्या सर्वांत लहान आऊटबोर्ड मोटरींपैकी एक सव्वादोन-अडीच अश्वशक्तीची असते, म्हणजे सुमारे १,७०० ते १,८०० वॅट. ज्या कामाला गाढव पुरे, त्याला हत्ती जुंपावा तसा हा प्रकार आहे.

इतिहासही येथे थोडा गंमतीचा आहे. विजेची नाव हे आजचे फॅड नव्हे. मोरिट्झ याकोबी याने १८३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीवर बॅटरीवरची नाव चालवून दाखविली होती. गुस्ताव्ह त्रुवे या फ्रेंच संशोधकाने १८८१ मध्ये पॅरिसच्या सीन नदीवर, नावेच्या मागे अडकविण्याची आणि काढून नेता येण्याजोगी विजेची मोटर वापरली. ओल इव्हिनरूड याची प्रसिद्ध पेट्रोल आऊटबोर्ड १९०९ मध्ये बाजारात आली, तेव्हा विजेचे यंत्र चांगले वयात आले होते. ते मागे पडले ते एकाच कारणाने, बॅटरीच्या वजनामुळे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. शिशाच्या बॅटरीत तेवढी ऊर्जा साठवायची तर अडीचशे किलो वजन वाहावे लागेल.

मात्र ही तुलना पूर्ण नाही. लहान पेट्रोल इंजिनात बहुतांश ऊर्जा उष्णता म्हणून वाया जाते आणि त्याचा छोटा, वेगाने फिरणारा पंखा उरलेल्यातीलही बरीच गमावतो. टाकीतील ऊर्जेपैकी नाव पुढे ढकलण्याच्या कामी दहा टक्केच येते असे धरून चालावे. विजेच्या मोटरीत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे एक लिटर पेट्रोल जे काम करते ते करण्यास बॅटरीत सव्वादोन युनिटे पुरतात. आज मिळणारी लिथियम फेरो फॉस्फेट प्रकारची बारा व्होल्ट, पन्नास अँपिअर-अवरची बॅटरी साधारण सहा किलोची असून तिच्यात ६४० वॅट-अवर, म्हणजे सुमारे पाऊण लिटरहून कमी, नेमके सांगायचे तर पाव लिटरच्या थोडे वर पेट्रोलचे काम साठलेले असते. ऐकायला हे फारच थोडे वाटते. पण दीडशे ते दोनशे वॅट खेचत ताशी पाच किलोमीटरने चालले तर तेवढ्यावर तीन तास, म्हणजे पंधराएक किलोमीटर अंतर कापता येते. मध्यम आकाराच्या जलाशयावर वारा पडल्यानंतर काठ गाठायला हे पुरेसे आहे, तेही समोरून मंद वारा असला तरी.

वेगाचा मोह मात्र आवरावा लागतो. हीच मोटर पूर्ण जोरात चालविली तर तीस अँपिअर खेचते, बॅटरी पावणेदोन तासांत संपते आणि वेगात भर पडते ती जेमतेम ताशी दीड किलोमीटरची. शिशाच्या बॅटरीचे गणित याहून वाईट आहे. तिच्यातील निम्मीच ऊर्जा वापरावी लागते. त्याहून खोल उपसल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. शंभर अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी जवळजवळ तीस किलोची भरते आणि देते ते सहा किलोच्या लिथियम बॅटरीइतकेच. घरातील इन्व्हर्टरची बॅटरी कयाकमध्ये टाकण्याचा विचार सुचतो खरा, पण तो तेथेच सोडून द्यावा.

वजन किती यापेक्षा ते कोठे आहे, हे कयाकमध्ये अधिक महत्त्वाचे असते. सर्वांत हलके पेट्रोल यंत्रही तेरा-चौदा किलोचे असते आणि ते सर्व वजन नावेच्या अगदी मागच्या टोकावर, पाण्याच्या वर लटकते. मागचा भाग दबतो, पुढचा उचलला जातो, आणि शिडावर चालताना नाव वाऱ्याकडे नीट तोंड धरत नाही. विजेच्या यंत्रात मोटर हलकी असते, आणि बॅटरी नावेच्या मध्यभागी तळाशी ठेवता येत असल्याने तिचे वजन नाव स्थिर ठेवण्याच्या कामी येते. त्यातच पेट्रोल यंत्र सुरू करायचे म्हणजे मागे वळून दोरीला हिसका द्यायचा. रुंद होडीत ही क्षुल्लक गोष्ट आहे. हातभर रुंदीच्या कयाकमध्ये, वादळी वाऱ्यात, तोच हिसका नाव उलटवू शकतो.

आणि यंत्राची खरी गरज भासते ती अशाच वेळी. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारपर्यंत पाणी आरशासारखे असते आणि तिसऱ्या प्रहरी वळवाचे ढग चढून येतात. पहिल्या झोताबरोबर शीड उतरवावे लागते. त्यानंतरच्या पाच-दहा मिनिटांत नाव काठाकडे वळविण्यास बटण दाबताच फिरणारे यंत्र हाताशी असणे आणि दोरी तीन वेळा ओढूनही न पेटणारे यंत्र असणे, यातील फरक जीवावरचा आहे. यंत्र कोणतेही असो, मनगटाला बांधायची सुरक्षा दोरी आणि अंगात जीवरक्षक जाकीट हवेच. माणूस पाण्यात पडल्यावर रिकामी नाव यंत्राच्या बळावर दूर निघून गेल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत.

पेट्रोलबद्दल परभणीकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. मनमाडच्या साठ्यावरून टँकरने येणाऱ्या इंधनाचा वाहतूक खर्च चढत असल्याने सप्टेंबर २०१८ मध्ये नव्वदी ओलांडताना आणि मे २०२१ मध्ये शंभरी गाठताना परभणीचे नाव देशभर गाजले. तरीही कयाकला लागणारे पेट्रोल इतके थोडे की दर हा निर्णयाचा मुद्दा होऊ नये. खरी अडचण पेट्रोलच्या बदललेल्या स्वरूपाची आहे. देशभर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, तर बहुतेक आऊटबोर्ड उत्पादक दहा टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणाचीच शिफारस करतात. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. महिना-दोन महिने न वापरलेल्या टाकीत पाणी वेगळे होऊन तळाशी बसते आणि कार्ब्युरेटर चोंदतो. रोज चालणाऱ्या मोटारसायकलला याची झळ फारशी बसत नाही. महिन्यातून एकदा पाण्यात उतरणाऱ्या हौशी नावेला मात्र ती हमखास बसते. उसाच्या पट्ट्याला इथेनॉलने चांगले दिवस दाखविले असले तरी छोट्या इंजिनांशी त्याचे अजून जुळलेले नाही.

याहून मोठा मुद्दा पाण्याचा. येलदरीचे पाणी शेतीला जाते तसे परभणी शहरासह अनेक गावांच्या नळांनाही जाते. जुन्या धाटणीच्या टू-स्ट्रोक यंत्रात इंधनाचा पाव हिस्सा न जळताच तेलासह बाहेर पडतो आणि आऊटबोर्डचा धूर पाण्याखालीच सोडला जात असल्याने तो थेट पाण्यात मिसळतो. फोर-स्ट्रोक यंत्रे पुष्कळ स्वच्छ आहेत. पण डुलत्या नावेत टाकी भरताना सांडणारे पेट्रोल तेही थांबवू शकत नाहीत. भोपाळच्या मोठ्या तलावावरील यंत्रचलित नौकाविहार बंद करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर २०२३ मध्ये दिला, तो पिण्याच्या पाण्यात इंधन मिसळते याच कारणासाठी. एखाद्या हौशी कयाकने येलदरी दूषित होणार नाही हे खरे. पण पिण्याच्या पाण्यावर पेट्रोलचा तवंग सोडण्याचा अधिकार हौसेला पोचतो काय, हा प्रश्न उरतोच.

मग पेट्रोल यंत्राला जागाच नाही काय? आहे, आणि ती ठाम आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात नद्यांनी पात्र सोडले तेव्हा अशा पुरात माणसे काढण्यास पेट्रोलवरच्या रबरी बोटीच लागतात. ताशी दहा-बारा किलोमीटरच्या प्रवाहाविरुद्ध, दिवसभर, वीज गेलेल्या गावात काम करायचे तर कॅनमधून इंधन ओतून पुन्हा निघता येणे यासारखी सोय नाही. ढालेगाव, मुदगल किंवा डिग्रसच्या बंधाऱ्यांदरम्यान गोदावरीतून अनेक दिवसांची भटकंती करायची असेल, मुक्कामी वीज मिळण्याची खात्री नसेल, तर तेथेही पेट्रोलचे पारडे जड ठरते. शंभर वॅटचा सौर पट्टा मराठवाड्याच्या उन्हात दिवसाला चारशे वॅट-अवर देतो, पण तो कयाकवर पसरून शीडही सांभाळणे हे कसरतीचेच काम.

पाण्याखाली काय आहे, याचाही विचार हवा. उन्हाळ्यात पातळी उतरते, बुडालेली झाडोऱ्याची खोडे वर येतात, आणि मच्छीमारांची जाळी तर बारमाही असतात. सहकारी संस्थांच्या सभासदांचे पोट या जाळ्यांवर अवलंबून असते; पंखा त्यांत अडकला तर नुकसान त्यांचे. विजेची मोटर झटकन वर उचलता येते, तिचा पंखा संथ फिरतो, शिवाय शिडावर चालताना ती पाण्याबाहेर ठेवली की नावेला ओढ बसत नाही.

कायद्याच्या दृष्टीने दोहोंत सवलत शोधू नये. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ यंत्राने चालणाऱ्या नावांसाठी तपासणी व नोंदणीची व्यवस्था घालतो. शिवाय धरणाच्या पाण्यावर कोणतीही नाव उतरविण्यापूर्वी जलसंपदा विभागाची परवानगी घेणे आलेच.

विजेचे यंत्र घेतलेच तर परभणीच्या उन्हाळ्याचे एक पथ्य पाळावे लागेल. पारा चव्वेचाळीसवर गेलेल्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली किंवा बंद मोटारीत लिथियम बॅटरी चार्ज करू नये. पंचेचाळीस अंशांवर चार्जिंग तिला घातक असते. नाव महिनोन्‌महिने बाहेर पडणार नसेल तर बॅटरी पूर्ण भरून न ठेवता निम्मी भरून, घरातील सर्वांत थंड खोलीत ठेवावी, आणि बॅटरीच्या टोकाजवळच फ्यूज बसविलेला आहे ना, हे पुन्हा पाण्यात उतरण्यापूर्वी पाहून घ्यावे.