शिकवील तो शिकेल

आठवी-नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा एखादा मुलगा प्रत्येक गुरुजींच्या ओळखीचा असतो. अंगाने थोराड, शेतातल्या कामाला वाघ, बाजाराचा हिशेब तोंडी करणारा. पण धडा वाचायला उभा केला की मान खाली घालतो. जोडाक्षर आले की अडखळतो आणि वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत त्याचा आरंभ विसरतो. मुले हसतात. मग तो उभे राहायचे टाळतो आणि पुढेपुढे शाळाच टाळतो.

अशी मुले थोडीथोडकी नाहीत. 2023 साली देशातील 26 राज्यांतल्या 28 ग्रामीण जिल्ह्यांत ‘असर’ची पाहणी झाली. 14 ते 18 वर्षांच्या सुमारे चौथा हिस्सा मुलामुलींना आपल्याच भाषेतला दुसरीच्या पुस्तकाचा उतारा सरळ वाचता आला नाही. एवढ्यांना एकेकाला जवळ घेऊन वाचायला शिकवायचे कोणी? गुरुजी एक आणि वर्गात पोरे पन्नास! अशा वेळी एक जुनी तोड आठवते : मुलांनीच मुलांना शिकवावे. ही तोड आपल्याच ओसरीवरून विलायतेला गेली, तिथे तिचे यंत्र झाले, आणि यंत्र होऊन ती परत आपल्याकडे आली. तिची हकिकत आज सांगायची आहे.

1623 साली पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी कर्नाटकातील इक्केरीस आला होता. देवळाच्या पडवीत त्याला चार मुले जमिनीवर बारीक वाळू पसरून बोटाने आकडे गिरवताना दिसली. एकजण सुरात धडा म्हणे, बाकीचे तसेच म्हणत आणि लिहीत. जवळ पंतोजी नव्हते. चुकलात तर सांगणार कोण, असे त्याने विचारले. मुलांचे उत्तर मोठे मार्मिक होते : एकच गोष्ट आम्ही चौघेही एकाच वेळी कसे विसरू?

पुढे दीडशे वर्षांनी डॉ. अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश पाद्री मद्रासला आले. 1789 मध्ये एग्मोर येथे सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी निघालेल्या शाळेची देखरेख त्यांच्याकडे आली. एका गावठी शाळेवरून जाताना मुले वाळूत अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली. आपल्याही शाळेत तसेच करावे म्हणून त्यांनी साहाय्यक शिक्षकांना सांगितले, पण ते काही जमेना. तेव्हा बेलसाहेबांनी जॉन फ्रिस्किन नावाच्या सुमारे आठ वर्षांच्या, एका साध्या शिपायाच्या मुलाला तो वर्ग सोपविला. जे मोठ्यांना साधले नाही ते या पोराने करून दाखविले. लवकरच बहुतेक सारी शाळा मुलेच चालवू लागली. 1797 साली बेल यांनी या प्रयोगाचे पुस्तक लंडनला छापले आणि ही रीत ‘मद्रास पद्धती’ म्हणून प्रसिद्ध झाली.

त्याच सुमारास, 1798 मध्ये, लंडनच्या बरो रोडवर जोसेफ लँकेस्टर या तरुणाने गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली. पगारी शिक्षक ठेवायला पैसे नव्हते. म्हणून त्याने हुशार मुलांना ‘मॉनिटर’ केले आणि दहा-दहा मुलांची टोळी एकेकाच्या हाती दिली. पुस्तकाची पाने मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर टांगली, म्हणजे एका पुस्तकात सगळ्या शाळेचे काम भागावे. एक शिक्षक हजार मुलांना शिकवील, असे तो सांगू लागला. खर्च कमी, म्हणून पद्धत देशोदेशी पसरली.

आता तीच आपल्याकडे परत आली. मुंबईत 1822 साली शाळा आणि शाळेची पुस्तके यांच्यासाठी एक मंडळी नावारूपास आली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचे चिटणीस होते. देशी शाळांतील उणिवा मोजताना मंडळीने चार सांगितल्या : पुस्तके नाहीत, शिकविण्याची सोपी रीत नाही, तयार शिक्षक नाहीत आणि पैसा नाही. सोप्या रीतीसाठी मंडळीने लँकेस्टरच्या पद्धतीकडे बोट दाखविले. पंतोजींच्या ओसरीवर ज्याला काही नाव नव्हते, ते विलायती शिक्का घेऊन घरी आले!

याच काळात, 1823 मध्ये, बल्लारीचे कलेक्टर कॅम्पबेल यांनी आपल्या जिल्ह्यातील शाळांचा अहवाल लिहिला. पुढे गेलेला विद्यार्थी मागच्याला शिकवतो आणि तसे करताना त्याचे स्वतःचे ज्ञानही पक्के होते, ही रीत त्यांनी वाखाणली. विलायतेने तिचे अनुकरण केले ते योग्यच, असेही म्हटले. पण एक दोषही सांगितला. मुले जे काव्य घोकत होती ते त्यांच्या बोलीतले नव्हते. उच्चार शुद्ध, पाठांतर चोख, पण अर्थाच्या नावाने शून्य!

विलायतेतही पुढे हेच दुखणे निघाले. मॉनिटर मुलगा स्वतः जेवढे पाठ करी तेवढेच दुसऱ्याकडून म्हणवून घेई. ‘का?’ असे कोणी विचारले की दोघेही गप्प. शाळेला गिरणीची कळा आली. अखेर 1846 पासून इंग्लंडात तेरा वर्षांच्या पुढच्या मुलामुलींना पाच वर्षे रीतसर उमेदवारी देऊन शिक्षक करण्याची व्यवस्था झाली आणि मॉनिटरांचा जमाना सरत गेला. ज्यांनी पोरांच्या हाती शाळा देऊन गुरुजींचा पगार वाचवू पाहिला, त्यांचा हिशेब चुकला. हा धडा आपण विसरता कामा नये.

मग ही कल्पना टाकाऊच ठरली काय? नाही. 1960 नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत तिची निराळी परीक्षा झाली. दहावी-अकरावीची मुले चौथी-पाचवीतल्या कच्च्या मुलांना वाचायला मदत करू लागली. हे मोठे विद्यार्थी काही निवडक हुशार नव्हते. त्यांतले कित्येक स्वतःच वाचनात मागे होते. 1967 साली रॉबर्ट क्लाउअर्ड यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. लहान मुलांना फायदा झालाच, पण शिकवणाऱ्या मोठ्या मुलांचे वाचन त्यांच्याहूनही अधिक सुधारले! कॅम्पबेलसाहेबांनी बल्लारीत जे पाहिले होते तेच इथे मोजमापाने दिसले.

याचे कारण अवघड नाही. आठवीतल्या मुलाला दुसरीचे पुस्तक वाच म्हटले तर त्याला लाज वाटते. पण ‘त्या धाकट्याला शिकव’ म्हटले की तेच पुस्तक हाती धरण्यात मान असतो. उद्या विचारील म्हणून तो आदल्या रात्री धडा वाचून येतो.

बरोबरीच्या दोघांनी एकत्र वाचण्याची एक साधी रीत 1970 नंतर इंग्लंडात रूढ झाली. दोघांनी एकाच पुस्तकातून बरोबर, मोठ्याने वाचायचे. कच्च्याला धीर आला की त्याने बोटाने टिचकी मारायची; सोबत्याने थांबायचे आणि त्याला एकट्याला वाचू द्यायचे. तो अडला तर चार-पाच सेकंद वाट पाहायची, मग शब्द नीट सांगायचा, त्याच्याकडून म्हणवून घ्यायचा आणि पुन्हा बरोबर चालू लागायचे. हसायचे नाही, रागवायचे नाही. पान संपले की काय वाचले ते आपल्या बोलीत सांगायचे. बल्लारीचा दोष टळतो तो या शेवटच्या पायरीमुळे.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकविण्याचा पुरस्कार केला आहे. मात्र ते स्वखुशीने, आनंदाने आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावे, असे म्हटले आहे. यातली देखरेख महत्त्वाची. जोड्या गुरुजींनी लावाव्यात, पुस्तक गुरुजींनी निवडावे, आठवड्यातून एकदा प्रत्येक जोडीजवळ बसावे. कायम एकच शिकवणारा आणि एकच शिकणारा असेही नको. नाहीतर एकाच्या डोक्यात वारे शिरते आणि दुसऱ्याच्या कपाळी ‘ढ’ हा शिक्का बसतो.

पालकांनाही एक विनंती. ‘माझा मुलगा दुसऱ्याच्या पोराला शिकवण्यात वेळ का घालवतो?’ अशी तक्रार शाळेत घेऊन जाऊ नका. त्या अर्ध्या तासात आधी त्याचीच विद्या पक्की होत असते. आणि गुरुजी, येत्या सोमवारी चार जोड्यांपासून आरंभ करून पाहा. त्यांत एक जोडी मागच्या बाकावरची असू द्या.