उघड्या पत्र्याची विमानं

शाळेत असताना मी प्लॅस्टिकचे सुटे भाग चिकटवून वीतभर लांबीचं मिग-२१ विमान तयार केलं होतं. चंदेरी रंगाची डबी आणली, दोन हात मारले आणि मोठ्या अभिमानानं ते मामांना दाखवलं. मामांची उमेद ओझरच्या विमान कारखान्यात गेलेली. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं, फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "छान जमलंय. पण हे रंगवलेलं दिसतं रे. आमची विमानं रंगवलेली नव्हती."

त्या एका वाक्याचा पाठपुरावा मी अजून करतो आहे.

विमान रंगाविना उडतं, यामागे मोठा इतिहास आहे. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम हलकं खरं, पण मऊ. १९०६ च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना असं आढळलं, की त्यात थोडं तांबं मिसळून, तापवून, झटकन थंड करून काही दिवस ठेवलं, तर ते आपोआप कठीण होत जातं. हेच ड्युरालुमिन. पण तांब्यामुळे ते लवकर गंजू लागलं. यावर १९२०च्या दशकात अमेरिकेत तोड निघाली. कठीण पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर बसवायचा, म्हणजे वरचा थर आतल्या पत्र्याचं रक्षण करतो. या पत्र्याचं नाव अल्क्लॅड. पत्रा स्वतःच स्वतःला जपू लागल्यावर रंगाची गरज उरली ती फक्त लपण्यापुरती.

दुसऱ्या महायुद्धात १९४४ च्या सुरुवातीपासून अमेरिकी कारखान्यांतून बरीचशी विमानं रंग न देताच बाहेर पडू लागली. रंगाचं वजन वाचलं, वेळ वाचला, मजुरी वाचली. आकाशात वर्चस्व मिळत चाललं होतं, तेव्हा लपायचं कुणापासून? पुढे जेट युग आलं. कोरियाच्या युद्धात, १९५० ते १९५३ या काळात, सेबर आणि मिग-१५ एकमेकांना भिडली ती बहुतांशी अशीच चकाकत. आरमाराची विमानं मात्र रंगवलेलीच राहिली, कारण खारी हवा पत्र्याला सोडत नाही.

मॉडेल करणाऱ्याची अडचण इथून सुरू होते. समजा, चंदेरी रंगातला धातूचा कण एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा आहे. आपलं विमान खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं. म्हणजे त्या हिशेबानं खऱ्या विमानावर जवळजवळ दीड मिलिमीटरची चमकी पसरल्यासारखं झालं! ओरखड्याचंही तसंच. प्लॅस्टिकवर मिलिमीटरच्या दहाव्या भागाची रेघ राहिली, तर ती खऱ्या विमानावरच्या सात मिलिमीटर रुंद चरीसारखी दिसते. साधा रंग असले दोष झाकतो, चंदेरी थर ते उलट उठवून दाखवतो. म्हणून निम्मं काम रंगाच्या आधीचं. सांधे भरायचे, बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासायचे आणि शेवटी टूथपेस्टनं चकाकी आणायची.

पुढे दोन वाटा आहेत. एक स्वयंपाकघरातली. पोळीचा डबा ज्यात गुंडाळतो तो फॉइलचा कागद, पातळ गोंद आणि चिकाटी. एकेका पत्र्याच्या मापाचा तुकडा कापायचा, बसवायचा आणि कापसानं चोळत सांध्यात उतरवायचा. दुसरी वाट फवाऱ्याची. आधी चकचकीत काळा थर, तो कडक वाळला की त्यावर अतिशय बारीक कणांचं लॅकर, धुक्यासारखं विरळ. यातल्या एका प्रसिद्ध लॅकरचं नाव अल्क्लॅड टू आहे. नाव कुठून आलं, ते आता सांगायला नको.

पण नुसती चमक आली म्हणजे विमान खरं होत नाही. लाटताना पत्र्याला एक दिशा येते, त्यामुळे शेजारचे दोन पत्रे एकाच उन्हात वेगळे दिसतात. फॉइलचा प्रत्येक तुकडा स्टील वूलनं वेगवेगळ्या दिशेनं हलकेच घासला की तो फरक साधतो. अमेरिकेच्या सुपर सेबरचा शेपटाकडचा भाग इंजिनाच्या धगीनं निळा-जांभळा, तपकिरी पडायचा. आणि मस्टँग तर फसवंच. धड उघड्या पत्र्याचं, पण पंखांवरचे रिव्हेट लांबीनं भरून त्यावर चंदेरी रंग दिलेला. म्हणजे तिथं रंगच खरा, पत्रा खोटा.

आपलं मिग-२१ भारतात आलं १९६३ मध्ये. १९६४ मध्ये ते बांधण्यासाठी ओझरला कारखाना उभा राहिला. त्या काळची ही विमानं उघड्या पत्र्याची. फक्त नाकावरचा शंकू आणि शेपटाचं टोक हिरवं, कारण रडार आणि रेडिओच्या लहरी धातूतून जात नाहीत. मग १९७१ आलं. तळावर उभं असलेलं चकाकतं विमान शत्रूला लांबून दिसतं, म्हणून अनेक विमानांवर घाईघाईनं हिरव्या-मातकट रंगाचे हात फिरले. ठिकाणागणिक तऱ्हा निराळी. म्हणजे मॉडेल करताना 'मिग कोणतं?' एवढं विचारून भागत नाही, 'कोणत्या महिन्यातलं?' हेही विचारावं लागतं.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. आता जी विमानं चौकांत, उद्यानांत उभी दिसतात, त्यांना ऊनपावसापासून जपण्यासाठी बहुधा रंगच दिलेला असतो. ते आवश्यकही आहे. पण ती पाहून मोठं होणाऱ्या मुलाला वाटेल, की विमान असंच चंदेरी रंगाचं असायचं. माझं शाळेतलं मॉडेल होतं तसं.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी फॉइल लावून दुसरं मिग केलं आणि मामांकडे नेलं. त्यांनी चष्मा लावला. बोलले काहीच नाहीत. पंखाच्या मुळाशी दोन पत्रे जुळतात, तिथं त्यांचं बोट थांबलं आणि तिथंच थोडा वेळ राहिलं. मग म्हणाले, "इथं हात फार अवघडायचा बघ."

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)