‘अवेट’ जुन्या फोनवर कसा पोचला

आज जावास्क्रिप्टमधल्या ‘असिंक-अवेट’चा इतिहास. सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत एक फंक्शन थांबवायचं, बाकी पान चालू ठेवायचं, एवढंच त्याचं काम. ही पद्धत सी-शार्पमध्ये २०१२ला आली, जावास्क्रिप्टच्या अधिकृत व्याख्येत २०१७ला. त्याच वर्षी १५०० रुपये अनामतीचा जिओफोनही आला. त्याच्या कायओएसमधलं इंजिन गेको ४८, आणि असिंक कळायला लागतं फायरफॉक्स ५२ पासून! नवाकोरा फोन, पण त्याच वर्षीची भाषा कळेना. इंजिन न कळलेली ओळ सोडून पुढे जात नाही. सिंटॅक्स एरर आला की अख्खी फाईल बाद.

उपायाची तयारी आधीच झाली होती. फेसबुकच्या बेन न्यूमन यांचं २०१३चं ‘रिजनरेटर’ मुळात जनरेटरसाठी; पुढे त्यात असिंकही आलं आणि बेबलनं ते वापरलं. डहाणूहून तलासरीला थेट गाडी नसेल तर कसं जातो? मध्ये उतरायचं, पिशव्या सांभाळायच्या, पुढचा टप्पा लक्षात ठेवायचा. रिजनरेटर प्रत्येक अवेटपाशी फंक्शन तोडतं, तुकडे स्विच-केसमध्ये घालतं, व्हेरिएबल्स आणि पुढच्या तुकड्याचा नंबर जपतं.

गेको ४८ला जनरेटर आणि प्रॉमिस दोन्ही येतात, त्यामुळे तिथे एवढी तोडफोडही नको. असिंकचा जनरेटर केला की भागतं. तरी मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, “जुने फोन टार्गेटमधून काढा, फाईल हलकी होईल.” होईलही. पण तलासरीच्या पाड्यावर ज्याच्या हातात तोच फोन आहे, त्याला कोरं पान दिसेल. मी टार्गेटमध्ये ‘फायरफॉक्स ४८’ ठेवतो.