लाडोगावरची वेगमर्यादा

मराठीत ‘बर्फ’ हा एकच शब्द आपण दोन अगदी भिन्न वस्तूंसाठी वापरतो. आकाशातून पिसासारखे उतरते तेही बर्फ, आणि सरोवरावर शिळेसारखे गोठून बसते तेही बर्फ. ‘हिम’ हा शब्द हाताशी असला तरी तो पोथीतला. बोलण्यात आपण तो क्वचितच आणतो. यात भाषेचे काही उणे नाही, गरज पडली नाही एवढेच. रशियन भाषेला ती पडली. तिथे पडते ते ‘स्न्येग’ आणि गोठते ते ‘ल्योद’. वर कडक साल धरलेला हिमथर म्हणजे ‘नास्त’. पाणी गोठण्याआधी त्यात तरंगणारा हिमकणांचा लगदा म्हणजे ‘शुगा’. दाबाने एकमेकींवर चढून बसलेल्या बर्फाच्या शिळा म्हणजे ‘तोरोस’. आणि गोठलेल्या विस्तारात मध्येच उघडे राहिलेले पाणी म्हणजे ‘पलिन्या’. शब्दकोशात शेजारी शेजारी बसणारे हे शब्द १९४१च्या हिवाळ्यात लाडोगा सरोवरावरून मालमोटार हाकणाऱ्या माणसासाठी जीवनमरणाचे भेद होते. स्न्येगमध्ये चाक रुतते, ल्योदवर ते घसरते, आणि पलिन्या गाठली की चाकाचा प्रश्नच उरत नाही.

लेनिनग्राडच्या वेढ्याची हकिगत मराठी वाचकाला अगदी अपरिचित नाही. तरी सोव्हिएत युद्धाचे जे चित्र आपल्याकडे रुजले ते मुख्यतः स्तालिनग्राडचे, आणि त्याचे पुष्कळसे श्रेय अण्णाभाऊ साठे यांच्या पवाड्याला द्यावे लागेल. पवाड्याला रणांगण लागते, हल्ला आणि प्रतिहल्ला लागतो. सरोवरावरून सावकाश चाललेली पिठाची मोटार पवाड्यात बसणे अवघड. या सावकाशपणाविषयीच आम्हांस लिहावयाचे आहे. लाडोगावरच्या मार्गाला ‘जीवनमार्ग’ हे नाव मिळाले, त्यावरील चालकांच्या शौर्याच्या कथा झाल्या, आणि त्या बहुतांशी खऱ्याही आहेत. परंतु तो मार्ग चालू राहिला तो मुख्यतः शौर्यावर नव्हे. हलके वाहन, कमी भार, बेताचा वेग आणि दोन मोटारींमधले अंतर या चार नीरस गोष्टींवर तो तगला, असे आम्हांस वाटते.

मोटारीचे आणि हिमाचे वैर या शहराला जुने ठाऊक होते. झार निकोलस दुसरा याच्या मोटारखान्यात आडोल्फ केग्रेस हा फ्रेंच तंत्रज्ञ नोकरीस होता. हिवाळ्यात सम्राटाच्या मोटारी हिमात अडकून पडत. त्यावर त्याने उपाय काढला: मागची चाके काढून तिथे रबरी पट्टे चढवायचे आणि पुढच्या चाकांना घसरपट्ट्या जोडायच्या. भार रुंद पट्ट्यावर पसरला की मोटार हिमात बुडत नाही, हे त्यामागचे साधे तत्त्व. १९१७मध्ये क्रांती झाली आणि केग्रेस मायदेशी परतला. झार गेला, पण पट्टा राहिला. लेनिनच्या वापरातील एका रोल्स-रॉइसलाही असेच पट्टे होते आणि ती गाडी मॉस्कोजवळच्या गोर्की येथील संग्रहालयात जपलेली आहे. तिकडे फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीने केग्रेसची युक्ती उचलली आणि १९२२-२३च्या हिवाळ्यात तशा मोटारींनी सहारा ओलांडला. हिमासाठी शोधलेले साधन वाळूत नावाजले गेले. असो. हे थोडे विषयांतर झाले. पण त्यातून एक गोष्ट ध्यानात येते. हिमासाठी खास घडवलेले वाहन ही तोवर सत्ताधीशाची किंवा साहसवीराची चैन होती. वीस लाखांहून अधिक माणसे उपाशी पडली तेव्हा त्यांच्यासाठी पीठ घेऊन आली ती साधी चार चौघींसारखी मालमोटार.

८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन सैन्याने श्लिसेलबुर्ग घेतले आणि लेनिनग्राडचा जमिनीवरून उरल्या देशाशी असलेला संबंध तुटला. राहिला तो लाडोगा. शरदात नावांनी जेवढे धान्य येई तेवढे आले. नोव्हेंबरात पाण्यावर शुगा धरू लागली आणि नावाही थांबल्या. २० नोव्हेंबरपासून कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम आणि कचेरीतले नोकर, अवलंबित व मुले यांना १२५ ग्रॅम पाव मिळू लागला. तोही निव्वळ पिठाचा नव्हता. हे प्रमाण २५ डिसेंबरपर्यंत टिकले.

ज्या दिवशी पाव १२५ ग्रॅमवर आला त्याच दिवशी बर्फावरून पहिला तांडा निघाला, आणि तो मोटारींचा नव्हता. घोड्यांच्या सुमारे साडेतीनशे घसरगाड्या पैलतीरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी ६३ टन पीठ घेऊन परतल्या अशी नोंद आहे. रिकाम्या घोड्याला सुमारे १० सेंटिमीटर बर्फ पुरते. एक टन माल घेतलेल्या मोटारीला सुमारे २० सेंटिमीटर लागते. त्या आठवड्यात सरोवराने एवढी जाडी सर्वत्र धरली नव्हती. २२ नोव्हेंबरला सुमारे साठ मालमोटारी कोबोनाकडे रवाना झाल्या आणि त्यांनी आणले ते अवघे ३३ टन. म्हणजे मोटारीमागे अर्धा टन, क्षमतेच्या तिसरा हिस्सा. काही चालकांनी मोटारीवरचा भार उतरवून मागे घसरगाडी जोडली, म्हणजे वजन एका जागी न पडता दोन जागी विभागले जाई. साम्राज्याच्या मोटारखान्यात केग्रेसने रबरी पट्ट्याने जे साधले तेच इथे दोरीने आणि लाकडी घसरगाडीने साधले गेले.

आता या मोटारीविषयी थोडे विस्ताराने. १९२९मध्ये सोव्हिएत सरकारने अमेरिकेच्या फोर्ड कंपनीशी करार केला आणि १९३२पासून निझ्नी नोव्हगोरोदच्या (पुढे गोर्की) कारखान्यातून फोर्डच्या नमुन्यावरच्या मालमोटारी बाहेर पडू लागल्या. नाव ‘गाझ-एए’. दीड टन माल नेई म्हणून लोक तिला ‘पलुतोर्का’ म्हणत. मराठीत तिला ‘दिडकी’च म्हणावे लागेल, आणि त्या शब्दातला कमी किमतीचा सूरही तिला शोभून दिसेल. चाळीस अश्वशक्तीचे इंजिन, मागे जोडचाके, दांड्यांनी चालणारे यांत्रिक ब्रेक. चालकाच्या खोलीत ऊब देणारे साधन नाही. तिच्याहून थोरली तीन टनी ‘झिस-५’ लाडोगावर होती. परंतु मोटार जितकी भारी तितके जाड बर्फ तिला हवे, आणि हिवाळ्याच्या आरंभी तेवढे जाड बर्फ नव्हते. सडकेवर जे उणेपण, ते बर्फावर गुण ठरले. दिडकी हलकी होती, तिची यंत्रणा सोपी होती, मोडली तर उघड्यावर दुरुस्त करता येई, आणि मुख्य म्हणजे ती पुष्कळ संख्येने उपलब्ध होती. वाहनाची निवड म्हणून आपण जिला म्हणतो ती बहुधा अशीच असते: जे हाती आहे त्याचे स्वभाव ओळखून घेणे.

आणि त्या स्वभावाला जुळवून घेणे म्हणजेच चालकाचे कसब. दिडकीचे गिअर आजच्यासारखे आपोआप जुळणारे नव्हते. गिअर उतरवताना क्लच दोनदा दाबावा लागे आणि मध्ये इंजिनाची गती अंदाजाने वाढवावी लागे. तो अंदाज चुकला तर मागच्या चाकांना हिसका बसे. कोरड्या सडकेवर त्या हिसक्याने दात खटकन वाजतील, एवढेच. बर्फावर मोटारीचे मागचे अंग बाजूला निघून जाई. ब्रेक चारही चाकांना सारखे लागतील याची खात्री नव्हती, तेव्हा ब्रेक जवळजवळ वर्ज्यच. वेग आवरायचा तो इंजिनाने. आपल्याकडे घाटात मुरलेले चालक ज्या गिअरने चढ चढावा त्याच गिअरने उतार उतरावा असे सांगतात, त्यामागचे तत्त्व हेच. फक्त लाडोगावर उतार नव्हता, निसरडे होते.

थंडी उणे तीसच्याही खाली जाई. रेडिएटरमधले पाणी गोठून इंजिन फुटू नये म्हणून ते थांबल्यावर काढून टाकायचे किंवा इंजिन चालूच ठेवायचे. रेडिएटरवर गोधडीसारखे आच्छादन घालायचे. सकाळी इंजिनाखाली जाळ करून घट्ट झालेले तेल पातळ करायचे. चालक दार उघडे ठेवून गाडी हाकीत, म्हणजे बर्फ फुटले तर उडी मारता यावी. झोप येऊ नये म्हणून डोक्यामागे पत्र्याचे भांडे टांगीत. मान कलली की ते आपटे. प्रत्येकाने दिवसाला दोन फेऱ्या कराव्यात असा आग्रह जानेवारी १९४२पासून धरला गेला. उपाशी माणसाने उघड्या दारातून येणाऱ्या वाऱ्यात दोन वेळा तीस किलोमीटर जायचे आणि तितकेच परत यायचे, आणि सबंध वेळ उजव्या पायाला आवर घालायचा.

हा आवर कशासाठी, याचे उत्तर चालकांना आरंभी ठाऊक नव्हते. बाँब न पडताही मोटारी बुडत होत्या; रिकाम्या किंवा हलक्या मोटारीही बुडत होत्या. लेनिनग्राडच्या भौतिक-तांत्रिक संस्थेत पावेल कोबेको यांच्या देखरेखीखाली हा प्रश्न अभ्यासाला घेतला गेला. नाउम रेइनोव्ह यांनी बर्फाचा वाक नोंदवणारे उपकरण तयार केले आणि ते सरोवरावर ठिकठिकाणी बसवले गेले. त्यातून जे निष्पन्न झाले ते सामान्य समजुतीच्या उलट होते. बर्फाचा थर पाण्यावर तरंगत असतो. मोटार त्यावरून गेली की तो किंचित वाकतो, खालचे पाणी ढकलले जाते आणि मोटारीबरोबर एक अदृश्य लाट चालू लागते. या लाटेचा नैसर्गिक वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. खोली दहा मीटरच्या आसपास असेल तर तो ताशी सुमारे ३५ किलोमीटर भरतो. मोटार नेमकी त्याच वेगाने धावली तर लाट मागे पडत नाही आणि पुढेही जात नाही; वाक साठत जातो आणि बर्फ फुटते. भरलेली मोटार सावकाश जाई म्हणून वाचे. हलकी मोटार वेगाने निघे आणि त्या घातक वेगाशी जाऊन भिडे. दोन मोटारी शेजारून गेल्या तर दोन लाटा एकमेकींत मिसळत. म्हणून अंतर राखायचे, म्हणून पुढच्या मोटारीला गाठायचे नाही.

भीतीचा सल्ला याच्या नेमका विरुद्ध असतो. पायाखाली बर्फ करकरत असेल आणि डोक्यावर विमान असेल, तर शरीर सांगते की पळ. भौतिकशास्त्र सांगत होते की तासाला पस्तीस नको. शरीराचे न ऐकता शास्त्राचे ऐकणे हेच तिथले खरे धैर्य असावे; पण ते बाहेरून दिसत नाही.

ओल्गा बेर्गगोल्त्स यांनी १९४२मध्ये लिहिलेल्या ‘लेनिनग्राड काव्या’त लाडोगावरचा एक चालक येतो. वाटेत मोटार बंद पडते, थंडीने हात कामातून जातात, तेव्हा तो पेट्रोलने हात भिजवून पेटवतो आणि त्या हातांनी इंजिन दुरुस्त करतो. हे चित्र एकदा वाचले की विसरता येत नाही, आणि कवयित्री स्वतः त्या वेढ्यात होत्या. त्यांच्या साक्षीचे मोल आम्हांस कमी करावयाचे नाही. परंतु साहित्याच्या विद्यार्थ्याने इथे थोडे थांबावे. जळते हात कवितेत येतात, कारण ते एका क्षणात दिसतात. तीस किलोमीटर सलग संथ वेगात काढलेले तास, मोटारीवर मुद्दाम न चढवलेली पोती, पुढच्या मोटारीपासून राखलेले अंतर, यांना क्षण नसतो. जे घडले नाही त्याचे वर्णन कसे करावे, हा तो प्रश्न आहे. फुटू न दिलेले बर्फ कोणत्या ओळीत सांगायचे? दप्तरांत मात्र ते सापडते: फेऱ्यांच्या नोंदींत, टनांच्या आकड्यांत. वेढ्याच्या साहित्याचा अभ्यास करताना ही दप्तरे कवितेच्या शेजारी ठेवून वाचली पाहिजेत, असे आमचे मत आहे. नाही तर वाचकाच्या मनात एवढेच उरते की काही असामान्य माणसांनी असामान्य कृत्ये केली, आणि शहर वाचले. प्रत्यक्षात अर्धा टन पीठ म्हणजे १२५ ग्रॅमच्या हिशेबाने चार हजार माणसांचा एक दिवस. आणि तो दिवस अशाच एखाद्या मोटारीच्या निर्वेध, सांगण्याजोगे काहीही न घडलेल्या फेरीतून निघत होता.

याचा पडताळा उलट बाजूनेही मिळतो. नोव्हेंबरात जर्मनांनी तिखविन घेतल्यामुळे पैलतीरापर्यंत धान्य आणण्यासाठी जंगलातून झाबोर्ये गावापासून तीनशे किलोमीटरांहून लांब मार्ग घाईघाईने काढावा लागला. तिथे ल्योद नव्हते, स्न्येग होते; चढउतार, खळगे, दलदलीवर टाकलेले ओंडके. बर्फावरच्या संयमाचा तिथे उपयोग नव्हता. मोटारी हिमाच्या ढिगांत रुतून पडल्या, मोडल्या. ९ डिसेंबरला तिखविन परत मिळाले आणि तो मार्ग सोडून देता आला. तेच चालक, त्याच मोटारी. भूमी बदलली आणि कसब अपुरे पडले.

सरोवरावर मात्र व्यवस्था हळूहळू बसत गेली. हिम ही ऊब धरणारी वस्तू आहे. ते झाडून काढले की खालचे बर्फ लवकर जाड होते, म्हणून झाडणाऱ्या तुकड्या सतत राबत. भेगांवर फळ्यांचे पूल टाकले गेले. वळणावळणावर कंदील घेऊन तरुण मुली उभ्या असत आणि वाट दाखवीत. एक वाट झिजली की शेजारी दुसरी आखली जाई. २५ डिसेंबरला पावाचे प्रमाण पहिल्यांदा वाढले. त्या एका हिवाळ्यात सुमारे ३ लाख ६१ हजार टन माल आत आला आणि पाच लाखांहून अधिक माणसे त्याच मोटारींतून बाहेर गेली.

एप्रिलमध्ये बर्फावर पाणी साचू लागले. मोटारी निम्मी चाके बुडवून चालत. खालची भेग दिसत नसे आणि पुढच्या मोटारीच्या मागे उठणाऱ्या पाण्याच्या रेषेवरून वाट ओळखावी लागे. २४ एप्रिल १९४२ रोजी मार्ग बंद करण्यात आला. पश्चिम तीरावर वागानोवोजवळ १९६६मध्ये उभारलेले ‘तुटलेले कडे’ हे स्मारक आहे: काँक्रीटच्या दोन अर्धकमानी, एकमेकींना न मिळालेल्या. त्यांच्यामधून टायरचे दोन ठसे पाण्याकडे उतरत जातात. एवढ्या मोठ्या स्मारकात चालकाची आकृती नाही, ही गोष्ट आम्हांस उचित वाटते.